आजोबांना माती दिली, हे इंग्रजीत कसं लिहायचं?

तुमच्या आजोबांविषयी वाचलं, वाईट वाटलं. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आजोबांना सोलापूरकडच्या तुमच्या गावी लिंगायत रीतीने माती दिली. आता परदेशात वाढलेल्या त्यांच्या बाकीच्या नातवंडांसाठी तुम्ही त्यांच्यावर एक छोटी इंग्रजी पुस्तिका करताय. अंत्यविधीच्या परिच्छेदात ‘बेरिअल’ हा शब्द फारच साधा वाटला, म्हणून समानार्थी शब्दांचा कोश उघडला आणि तिथे ‘इनह्यूमेशन’ मिळाला. तो सगळ्यांत भारदस्त वाटला. त्याचा नेमका अर्थ काय, तो वापरला तर चालेल का, आणि मराठीत त्याला काय म्हणायचं, असं तुम्ही विचारलंत.

आधी उत्तर देते, मग कारणं. या पुस्तिकेत तो शब्द वापरू नका. अर्थ फारसा चुकणार नाही, पण आजोबा घरच्यांच्या हातून सुटतील आणि उत्खननाच्या एखाद्या नोंदवहीत जाऊन बसतील. मी तीसेक वर्षं इंग्रजी-मराठी अनुवाद करते. कोर्टाची कागदपत्रं, संग्रहालयांचे फलक, पुरातत्त्वाचे अहवाल आणि अधूनमधून तुमच्यासारखीच घरगुती स्मरणिका, असं माझं काम. ‘इनह्यूमेशन’ माझ्या टेबलावर अनेकदा आला. घरच्या माणसाने आपल्या माणसाबद्दल लिहिलेल्या मजकुरात मात्र तो मी एकदाही पाहिलेला नाही.

तुम्हाला खरं तर अर्थ हवा नाहीये, आदर दाखवणारा शब्द हवाय. आपण मराठी माणसं इंग्रजी लिहिताना लांब, लॅटिन वळणाचा शब्द म्हणजे आदर असं धरून चालतो, कारण मराठीत ते बऱ्याच अंशी खरं असतं. ‘मेले’पेक्षा ‘निधन झाले’ बरं वाटतं, ‘जेवण’ समारंभात ‘भोजन’ होतं. संस्कृताकडे सरकलं की मराठी शब्द सोवळं नेसतो. इंग्रजी शब्द लॅटिनकडे सरकला की पुष्कळदा कचेरीत नाहीतर दवाखान्यात जातो. दुःखाचे आणि मायेचे कितीतरी इंग्रजी शब्द छोटे आणि जुन्या घरचे आहेत: डेथ, ग्रेव्ह, मोर्न, बेरी. तुम्हाला साधा वाटला तो ‘बेरिअल’ याच घरातला आहे, आणि आईवडिलांबद्दल लिहिताना इंग्रजी बोलणारा माणूस तोच उचलतो.

आता शब्दाकडे येऊ. ‘इनह्यूमेशन’चा उच्चार मधल्या ‘ह्यू’सकट करायचा: इन-ह्यू-मेशन. लॅटिनमध्ये ‘ह्यूमस’ म्हणजे माती, जमीन. शेतीच्या पुस्तकांत आपण ज्याला ह्यूमस म्हणतो, पालापाचोळा कुजून झालेली ती काळी माती, तोच हा शब्द. ‘इन’ म्हणजे आत. म्हणून इनह्यूमेशन म्हणजे मातीच्या आत ठेवणे, इतकंच. भाषेचे अभ्यासक ‘ह्यूमस’चं नातं संस्कृतातल्या ‘क्ष्मा’शी लावतात. पृथ्वीच्या नावांत अमरकोशाने ‘क्ष्मा’ दिलेलाच आहे. तेव्हा मूळ शोधत गेलं तर शब्द परका नाही. पण मूळ जवळचं आहे म्हणून वापरही जवळचा असतो असं नाही.

या शब्दाचा ‘इनह्यूमन’शी, म्हणजे अमानुषपणाशी, वापरात काहीही संबंध नाही. तरी कानाला तो तसा लागतो. ती नातवंडं हा परिच्छेद मोठ्याने वाचतील, आणि ज्याने हा शब्द कधी ऐकलेला नाही त्याला क्षणभर भलतंच ऐकू येईल. आजोबांच्या अंत्यविधीच्या वाक्यात तो क्षणही नको. माझ्या नकाराचं हे एक अगदी व्यावहारिक कारण.

मुख्य कारण वेगळं आहे. कोशात समानार्थी शब्द एका ओळीत उभे असतात, जणू कुठलाही उचला. इनह्यूमेशनचं खरं काम ‘पुरणे’ सांगण्याचं नाही, ‘न जाळता पुरणे’ सांगण्याचं आहे. त्याची जोडी ‘क्रिमेशन’शी. जिथे देहाचं दहन केलं की तो तसाच जमिनीत ठेवला, हा फरक महत्त्वाचा असतो तिथे तो शब्द जिवंत होतो. रोमन साम्राज्याचा इतिहास वाचताना तो सारखा भेटतो, कारण तिथे दहनाची रीत मोठी होती आणि इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत ती मागे पडून लोक देह न जाळता पुरू लागले. हा बदल सांगायला इतिहासकाराला दोन तोलाचे शब्द लागतात, आणि ‘बेरिअल’ तिथे अपुरा पडतो, कारण जाळून उरलेली हाडं मडक्यात भरून पुरली तरी तेही बेरिअलच. खुद्द इंग्लंडमध्ये दहनाचा प्रचार करणारी संस्था १८७४ साली निघाली, वोकिंगच्या दाहगृहात पहिलं दहन १८८५ साली झालं आणि कायदा झाला १९०२ साली. त्याआधी कित्येक शतकं तिथे मेलेल्या माणसाला पुरायचंच असतं. पर्यायच नसताना ‘न जाळता’ असं कोण म्हणेल? शब्द सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे, पण विद्वानांच्या लेखणीत.

हा फरक मी पुस्तकातून शिकले नाही, एका चुकीतून शिकले. ती सविस्तर सांगते, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे मराठीत काय म्हणायचं याचं, उत्तर तिच्यातच आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची ती वस्ती. तिथे दोनशेहून जास्त दफनं सापडली. लहान मुलांना घराच्याच जमिनीखाली पुरलेलं होतं: दोन मडकी तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवी ठेवलेली आणि आत बाळ. मोठी माणसं बहुधा उताणी, डोकं उत्तरेकडे, आणि घोट्याखाली पाय तोडलेले. मेलेला माणूस चालत परत येऊ नये म्हणून तसं केलं असावं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एक दफन तर अगदीच निराळं. एका पाच खोल्यांच्या मोठ्या घरापाशी चार पायांचा, पोट फुगलेला मातीचा मोठा रांजण सापडला, आणि त्यात एक प्रौढ पुरुष बसलेल्या अवस्थेत होता. तो गावचा प्रमुख असावा असं मानतात.

एका प्रदर्शनासाठी या वस्तीवरचे फलक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजी मजकुरात एका ओळीत ‘इनह्यूमेशन’ होतं आणि पुढच्या ओळीत ‘अर्न बेरिअल’. ‘अर्न’ म्हणजे मडकं किंवा कलश. मी पहिल्याला ‘दफन’ लिहिलं. दुसऱ्यासाठी माझ्या डोळ्यांपुढे आपला तिसऱ्या दिवशी राख सावडून भरलेला, लाल फडकं बांधलेला कलश आला, आणि मी ‘अस्थिकलशांत पुरलेली बालके’ असं लिहून मोकळी झाले. मजकूर तपासणाऱ्या पुरातत्त्वज्ञांनी तेवढ्या ओळीखाली रेघ मारली आणि विचारलं, “बाई, यात राख कुठे आहे?”

राख नव्हतीच. मडक्यात अख्खं बाळ होतं, न जाळलेलं. मूळ लेखकाने वरच्या ओळीत ‘इनह्यूमेशन’ म्हटलं होतं ते एवढ्यासाठीच, की खालचा ‘अर्न’ वाचून कुणी दहनाची कल्पना करू नये. तो एक शब्द अख्ख्या फलकाची राखण करत होता आणि मी त्याचं साधं ‘दफन’ करून त्याला कामावरून काढून टाकलं होतं. अस्थिकलश म्हटल्यावर मराठी वाचकाला नदी, घाट आणि विसर्जन दिसतं. इनामगावच्या आईने बाळाला आपल्या चुलीजवळ, पायाखालच्या जमिनीत ठेवलं होतं. दोन्हींत केवढं अंतर आहे! मी ते वाक्य बदलून असं केलं: ‘लहान मुलांना न जाळता, दोन मडक्यांत ठेवून, घराच्या जमिनीखाली पुरत.’ शब्द वाढले, पण चित्र खरं झालं.

तेव्हापासून माझा रिवाज असा आहे. पुरातत्त्वाच्या मजकुरात हा शब्द पहिल्यांदा आला की मी ‘न जाळता पुरणे’ असं स्पष्ट लिहिते. एकदा फरक वाचकाच्या मनात बसला की पुढे ‘दफन’ चालतं. एकच संस्कृत शब्द वापरायचा मोह मलाही होतो, कारण तो तयार आहे आणि फार सुंदर आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पितरांच्या सूक्तात ‘अग्निदग्ध’ आणि ‘अनग्निदग्ध’ अशी पितरांची जोडी येते, म्हणजे अग्नीने जाळलेले आणि न जाळलेले. इनह्यूमेशनच्या इतक्या नेमक्या अर्थाचा शब्द आपल्याकडे हजारो वर्षं पडून आहे. अथर्ववेदात तर ‘निखात’ म्हणजे पुरलेले आणि ‘दग्ध’ म्हणजे जाळलेले, असे दोघेही एकाच ओळीत येतात. पण फलकापुढे उभा राहिलेला सातवीतला मुलगा ‘अनग्निदग्ध’पाशी अडखळणार, आणि अडखळला की पुढच्या फलकाकडे जाणार. म्हणून ‘न जाळता पुरणे’. अभ्यासकांसाठीचा लेख असेल तर मात्र मी ‘अनग्निदग्ध’ एकदा तरी लिहिते, त्याची ओळख राहावी म्हणून.

व्याकरणाचं थोडं, कारण तुम्ही वापराविषयीही विचारलंत. हे नाम क्रियेलाही लागतं आणि सापडलेल्या वस्तूलाही. ‘त्या काळात इनह्यूमेशन रूढ होतं’ इथे ती रीत आहे. ‘खंदकात तीन इनह्यूमेशन्स मिळाली’ इथे ते तीन सांगाडे, त्यांच्या खड्ड्यांसकट. मराठीतलं ‘दफन’ही असंच दोन्हींकडे चालतं, हे आपलं नशीब. त्याच्या आधी येणारी विशेषणं बहुधा देह कसा ठेवला हे सांगतात: ताठ निजवलेला, कुशीवर गुडघे पोटाशी घेतलेला, बसवलेला. त्याचं क्रियापद ‘इनह्यूम’ आहे, पण कुणी वापरत नाही. उलट्या अर्थाचं ‘एग्झ्यूम’, म्हणजे पुरलेला देह बाहेर काढणं, मात्र वर्तमानपत्रांत सतत दिसतं. पुरण्याचा शब्द अडगळीत आणि उकरण्याचा रोजच्या बातमीत, असं झालंय खरं. जाता जाता सांगते, मरणोत्तर मिळणाऱ्या पुरस्काराला लावतात त्या ‘पॉस्थ्युमस’ शब्दातला ‘ह’ याच ह्यूमसमुळे घुसला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सर्वांत शेवटचा’ असा होता. माती आठवून लोकांनी त्याचं लेखन बदललं.

कोशातल्या त्याच ओळीत तुम्हाला ‘इंटरमेंट’ही दिसला असेल. तुमच्या कामाला तो जास्त जवळचा आहे, म्हणून त्याच्यावर थोडं थांबते. तोही ‘मातीत’ असाच बनलाय, फक्त ‘टेरा’ या मातीच्या दुसऱ्या लॅटिन शब्दावरून आणि फ्रेंचमार्गे. त्याला जाळलं की नाही याची पर्वा नसते. देह ठेवला तरी इंटरमेंट, राख पुरली तरी इंटरमेंट. आपल्याकडे हल्ली काही कुटुंबं रक्षा नदीत न सोडता शेतात पुरतात आणि वर झाड लावतात. त्याला इंग्रजीत ‘इंटरमेंट ऑफ ॲशेस’ म्हणता येईल, इनह्यूमेशन म्हणणं चूक. चर्चच्या पत्रिकेत, दफनभूमीच्या नोंदीत, कायद्यात हाच शब्द चालतो. जून २०२४ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १७६ मध्ये, मृत्यूचं कारण शोधण्यासाठी दंडाधिकारी पुरलेला देह बाहेर काढायला लावू शकतो असं म्हटलं होतं, तिथे ‘इंटर्ड’ आणि ‘डिसइंटर्ड’ हेच शब्द होते. वर्तमानपत्र ‘एग्झ्यूम’ म्हणतं आणि कायदा ‘डिसइंटर’. मराठीत दोन्हींसाठी मी ‘पुरलेला मृतदेह बाहेर काढणे’ असं लिहिते. ‘उत्खनन’ लिहीत नाही, ते जागेचं होतं, माणसाचं नव्हे. ‘उकरणे’ही टाळते, कारण तो कागद बहुतेक वेळा मृताच्या आईबापांच्या हातात जाणार असतो.

इंटरमेंट वापरलंत तर एक अक्षर डोळ्यांत तेल घालून तपासा. मध्ये एक ‘न’ घुसला की ‘इंटर्नमेंट’ होतं, म्हणजे खटला न चालवता स्थानबद्ध करणं. दोन्ही महायुद्धांत इंग्रज सरकारने अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, जर्मन नागरिकांना ठेवलं ती ‘इंटर्नमेंट’ची छावणी. तिचं मराठी ‘दफनछावणी’ असं केलेलं मी छापील मजकुरात पाहिलंय. संगणकाचा शुद्धलेखन-तपासनीस ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबरच असतात.

बाकीच्यांचं लवकर आटोपते. ‘सेपल्कर’ म्हणजे थडगं आणि त्याचाच भाऊ ‘सेपल्चर’ म्हणजे पुरणं, हे जुने, धर्मग्रंथी वासाचे शब्द. आपल्या भारतीय दंड संहितेच्या २९७ व्या कलमात, दफनाच्या जागी अतिक्रमण करण्याच्या गुन्ह्यात, दुसरा शब्द होता. पुस्तिकेत त्यांचं काम नाही. ‘एन्टूम्बमेंट’ म्हणजे बांधीव थडग्यात ठेवणं. तुमच्याकडे तसं झालेलं नाही, म्हणून अर्थानेच चूक.

आणि तुमचा साधा ‘बेरिअल’? तो मुळात जुन्या इंग्रजीतला ‘थडगे’ या अर्थाचा एकवचनी शब्द. शेवटी ‘स’ होता म्हणून लोकांना तो अनेकवचनी वाटला, ‘स’ गळाला, आणि पुढे ‘फ्यूनरल’सारख्या शब्दांच्या पंगतीत बसून त्याचं आजचं रूप झालं. हजार वर्षं लोकांनी तोंडात घोळवलेला शब्द आहे तो. तो इतका पसरलाय की खलाशाचा देह समुद्रात सोडला तरी ‘बेरिअल ॲट सी’ म्हणतात, तिबेटात देह गिधाडांना देतात त्याला ‘स्काय बेरिअल’. मातीही उरली नाही तरी शब्द टिकला, कारण त्याच्यात मातीपेक्षा निरोपाचा भाग मोठा आहे. इनह्यूमेशन असं कधी पसरणार नाही.

आता मराठीकडे. आपल्याकडे अडचण उलटी आहे. शब्द कमी नाहीत, उलट पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाला आपापलं घर आहे. ‘दफन’ मूळचा अरबी, त्याला आपण संस्कृत ‘विधी’ जोडून ‘दफनविधी’ केला, आणि तो आता ख्रिस्ती, मुसलमान, लिंगायत सगळ्यांच्या बातम्यांत चालतो. तरी एकटा ‘दफन’ वाचला की पुष्कळांच्या मनात आधी कब्रस्तान येतं. त्याच प्रदर्शनात इनामगावचा फलक वाचून एका मुलाने शिक्षकांना विचारलं होतं, “हे लोक कोणत्या धर्माचे होते?” तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना शब्दाने नकळत आजचा धर्म चिकटवला. खरं तर जाळणाऱ्या घरांतही पुरणं असतंच. ‘ऊनद्विवर्षं निखनेत्’, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पुरावं, असं याज्ञवल्क्य स्मृतीच सांगते, आणि आपल्या कितीतरी आज्यांनी ते दुःख पदराआड सोसलेलं आहे. संन्याशाला समाधी देतात. महानुभावांमध्ये ‘भूमिडाग’ म्हणतात. ‘गाडणे’ हा शब्द माणसाला लावला की अपमान होतो. ‘पुरणे’ कोरडा आहे, पण प्रामाणिक. ‘मूठमाती देणे’ यात हाताची मूठ दिसते.

आणि ‘माती’. तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात, “आजोबांना माती दिली.” सगळ्यांत आदराचा शब्द तुमच्या हातात आधीच होता. आपल्या खेड्यांत ‘मातीला गेलो होतो’ असं म्हणतात ना, तेव्हा पुष्कळदा तिथे चिता पेटलेली असते, तरी ती मातीच. अर्थाने पाहिलं तर हा मातीचाच शब्द लॅटिनमध्ये नेला की इनह्यूमेशन होतो. पण ‘मातीला गेलो’ म्हणणारा खांदा देऊन आलेला असतो, आणि ‘इनह्यूमेशन’ लिहिणारा हजार वर्षांनी फूटपट्टी घेऊन आलेला असतो. लिंगायत रीतीने तुमच्या आजोबांना बसवून, हातात इष्टलिंग, म्हणजे आयुष्यभर अंगावर बाळगलेलं छोटं लिंग, ठेवून, विभूती आणि बेलाची पानं घालून माती दिली असेल. दूरच्या काळातला एखादा संशोधक त्यांच्याबद्दल ‘बसलेल्या स्थितीतील इनह्यूमेशन’ असं लिहील, आणि त्याचं बरोबर असेल. तुम्ही त्यांचे नातू आहात. तुम्ही ते लिहिणं बरोबर नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्याही सांगते. पुस्तिकेत समाजाच्या चालीरीतींवर वेगळा, अभ्यासू लेख असेल, ‘लिंगायतांमध्ये दहन करत नाहीत’ हे समजावणारा, तर तिथे इनह्यूमेशन एकदा वापरायला हरकत नाही, लगेच सोपा अर्थ देऊन. परदेशातल्या कुठल्या सरकारी अर्जात तोच शब्द छापलेला असेल तर तो तसाच भरा. फ्रेंचमध्ये ‘इन्युमास्याँ’ हा कचेरीतला रोजचा शब्द आहे आणि त्यावरून केलेल्या इंग्रजी नमुन्यांत तो उतरतो. आणि कधी जुन्या रसायनशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकात तो दिसला तर दचकू नका. तिथे त्याचा अर्थ, भांडं उबदार मातीत पुरून आतल्या द्रव्याला मंद, एकसारखी ऊब देणं. आपले वैद्य आसव-अरिष्टाचं भांडं धान्याच्या राशीत ठेवत, त्याच जातीची कृती. तिथे मरणाचा संबंधच नाही.

तुमच्या परिच्छेदाकडे परत येते. तुम्ही कच्चं वाक्य पाठवलंत त्यात ‘इनह्यूमेशन वॉज परफॉर्म्ड’ असं होतं. ‘परफॉर्म्ड’सुद्धा काढा, त्याने शस्त्रक्रियेसारखं वाटतं. मी असं लिहीन: ‘वी बेरीड हिम इन द व्हिलेज, सीटेड, विथ हिज इष्टलिंग इन हिज हँड, ॲज अवर पीपल हॅव ऑल्वेज डन.’ कर्ता ‘वी’ ठेवा. पुरलं कुणी? तुम्ही. कर्मणी प्रयोगात ते हात दिसेनासे होतात. शीर्षक हवं असेल तर ‘द बेरिअल’ पुरे. तारीख-ठिकाणाची औपचारिक ओळ वेगळी द्यायची असेल तर तिथे ‘इंटरमेंट’ शोभेल, ‘न’ तपासून.

‘समाधी’ शब्द इंग्रजीत तसाच ठेवायचा विचार असेल तर सोबत एक वाक्य जोडा, कारण तिकडच्या वाचकाला समाधी म्हणजे ध्यानाला बसणं एवढंच माहीत असतं. ‘लिंगैक्य’, म्हणजे लिंगाशी एकरूप होणं, हा निधनासाठीचा शब्द मात्र जरूर ठेवा. आजोबा लिंगैक्य झाले हे तुमच्या घरात ज्या शब्दात सांगितलं गेलं, तो नातवंडांना मूळ उच्चारात मिळू दे, अर्थ खाली द्या. आणि ‘माती दिली’ याचाही शब्दशः अर्थ एका ओळीत सांगा: आमच्याकडे आलेला प्रत्येक माणूस आपल्या हाताने मूठभर माती घालतो. त्या दिवशी कोणी कोणी घातली ते आठवत असेल तर नावं लिहा, लहान पोरांचीसुद्धा.